तीस वर्षांची ओळख

एका नामांकित गायकाच्या बँडमध्ये एका ड्रमरनं तीस वर्षं ड्रम बडवले. साहेब गॉगल आणि टोपीसकट गाडीतून उतरायचे ते थेट स्टेजवर, आणि कार्यक्रम संपला की तसेच परत गाडीत. यानं आपलं मागे बसून साहेबांच्या उडणाऱ्या डाव्या खांद्याकडे बघत ठेका धरायचा.

आज मात्र त्याचा पारा चढला होता. विमानतळावर साहेबांनी त्याला चाहता समजून चक्क सही दिली होती! घरी येऊन त्यानं राजीनामा धाडला आणि बायकोपुढे तणतणला, "तीस वर्षं एकत्र काढली, आणि या माणसाला माझं तोंडही ओळखता येऊ नये?"

"येतील हो समजूत काढायला," बायको म्हणाली. "तोवर त्या गळक्या पाइपचं बघा. प्लंबर येईलच एवढ्यात."

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक टकले गृहस्थ ओशाळं हसत उभे होते.

"किती उशीर हो! या, सिंकखाली गळतंय," ड्रमर त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"अहो, पण मी..."

"कारणं नकोत. आधी वाका."

ड्रमरचा रुद्रावतार बघून गृहस्थांनी मुकाट्यानं गुडघे टेकले आणि सिंकखाली डोकं घातलं. पाइपची टपटप चालूच होती.

त्या टपटपीवर गृहस्थांचा डावा खांदा उडायला लागला, आणि ड्रमरनं खाली वाकून विचारलं, "साहेब... तुम्ही?"