डब्यातली साखर

"पुन्हा केक? बाटवायला बघतेय मेली!" सासूबाई आतूनच फणकारल्या. शेजारच्या मिशनरी मडमेकडून आलेला हा तिसरा. आधीचे दोन त्यांनी सरळ कुत्र्याला घातले होते. मी मात्र दोन्ही वेळा साखर घालून डबा परत पाठवला होता. रिकामा कसा द्यायचा?

मडम दारातच उभी होती. पुस्तकी मराठीत म्हणाली, "आपण पुन्हा साखर पाठविलीत, म्हणजे अजून केक हवा, असे मी समजले. घरापासून इतक्या दूर मुलांना नाताळ सुना वाटत होता. आता आपल्यासाठी केक करताना ती हसतात."

ती गेल्यावर सासूबाई डब्याकडे संशयाने बघत राहिल्या. मग एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला.

"डबा धुऊन दे," त्या म्हणाल्या. "आणि साखर जरा जास्तच घाल."