कट झाल्यावर

सत्याहत्तर साली कोराडीच्या वीजकेंद्राजवळ राखेच्या माळावर एका लढाईच्या सिनेमाचं शूटिंग होतं. शिपाई म्हणून गावातली माणसं घेतली होती. चंद्रभान आणि रुपराव नेमके एकाच प्रसंगात आले. रुपराव जखमी शिपाई, आणि त्याला पाठीवर उचलून नेणारा शत्रूचा शिपाई चंद्रभान.

दोघे एकाच कारखान्यातले, घरंही शेजारी. पण संपाच्या वेळी रुपराव एकटा कामावर गेला, तेव्हापासून चंद्रभान त्याच्याशी बोलत नव्हता. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. आताही त्याने तोंड फिरवूनच रुपरावला पाठीवर घेतलं.

तिसऱ्यांदा चालताना राखेत पाय घसरला आणि दोघेही आपटले. दिग्दर्शक ओरडला, "कट!" चंद्रभान कपडे झटकत उठला. रुपरावला मात्र उठता येईना, त्याचा घोटा टम्म सुजला होता. चंद्रभानने त्याला पुन्हा पाठीवर घेतलं आणि सडकेकडे निघाला.

"खाली ठेव गा. शूटिंग संपलं."

"चूप बस. दवाखान्यात चाललो."

थोडं अंतर गेल्यावर रुपराव हळूच म्हणाला, "संपाच्या वेळी माझी पोरगी गोपिका लय बिमार होती गा. नोकरी गेली असती तर तिचा इलाज कसा केला असता?"

"मालूम हाय मले."

"मंग दोन वर्षं माझ्याशी बोलला काहून नाही?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो."