एकविसावा प्रश्न

आघात सोसून आलेल्या माणसांना समुपदेशक बाई आधी एक फॉर्म भरायला देत. झोप लागते का, दचकायला होतं का, तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे येतो का, असे वीस प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते चार आकडे. लागू पडेल त्याला गोल करायचा.

बस दरीत कोसळल्यावर एकटाच वाचलेला ड्रायव्हर आज फॉर्म भरून समोर बसला होता. बाईंनी बेरीज केली. चौऱ्याऐंशी. वीस चोक ऐंशी, त्याच्या वर जाणारच कशी?

विसाव्या प्रश्नाखालच्या कोऱ्या जागेत त्याने स्वतः चार लिहून गोल केला होता. या आठवड्यातला असा हा पाचवा फॉर्म.

"दादा, हा चार कशाचा?"

"एकविसाव्याचा."

"अहो, प्रश्न वीसच आहेत."

ड्रायव्हरने कीव आल्यासारखं पाहिलं. "ते वीस वरवरचे, ताई. खरं काय ते शेवटी विचारलंय."

"काय विचारलंय?"

"नका सांगायला लावू," म्हणत तो उठला आणि दार हलकेच ओढून गेला.

बाईंनी कोरा फॉर्म खिडकीतल्या उजेडात धरला. खाली नुसता कागद. एकदाची शंका फिटावी म्हणून त्या स्वतःच भरायला बसल्या. लहानपणाचा विषय निघाला की गेली तीस वर्षं त्या एकच सांगत आल्या होत्या, "आमच्याकडे तसलं काही नव्हतं हो." वीसही ठिकाणी त्यांनी शून्याला गोल केला.

मग सवयीने बेरीज केली.

चार आली.