पाणी कोणी सोडलं?

"ही आपल्या सर्वांच्या परीक्षेची घडी आहे," मंत्री म्हणाले आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या दुभाषीचे हात हलू लागले.

तिच्या पायाखाली चिकटपट्टीचा चौकोन आखलेला होता. त्यातून बाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणजे ती टीव्हीच्या कोपऱ्यात नीट मावते. पूर ओसरल्यापासून ती रोज या चौकोनात उभी राहत होती. मंत्री माईकवर बोलायचे आणि ती ते बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत सांगायची. मंत्र्यांना बोलायला जोर चढला होता. नदी त्यांची शत्रू झाली होती, मदतीचे ट्रक सेना झाले होते आणि बुडून मेलेली माणसं हुतात्मे. जणू काही ती माणसं आपापल्या कामात गुंतलेली नव्हती, छाती पुढे काढून लढाईलाच निघाली होती.

त्या हुतात्म्यांत तिची आत्याही होती. आत्या जन्मापासून बहिरी, बाबांसारखीच. नदीकाठी बहिऱ्या बायकांचा एक शिवणकारखाना होता, तिथे ती शर्टांना काजं करायची. धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा भरदुपार होती, यंत्रं चालू होती. भोंगा वाजला, तो सगळ्या गावाने ऐकला. कारखान्यातली एकही बाई जागची हलली नाही.

"पाण्याचा विसर्ग करावा लागला," मंत्री म्हणाले.

हे वाक्य रोज यायचं आणि रोज तिच्या हातांत अडकायचं. घरी बाबांना असलं काही सांगितलं असतं, तर त्यांनी लगेच भुवया उंचावून विचारलं असतं, कोणी केला? टीव्हीवर कोण विचारणार? ती नुसतं 'पाणी आलं' एवढंच दाखवून मोकळी व्हायची. नोकरी होती, आणि बाबांचं पोट तिच्यावर होतं. पण घरी गेल्यावर हात खूप वेळ धुवावेसे वाटायचे.

आज बाबाच समोर बसले होते. पहिल्या रांगेत, मेलेल्यांच्या नातेवाइकांत. मंत्र्यांच्या माहिती अधिकाऱ्याने त्यांना मुद्दाम कॅमेऱ्यासमोरची खुर्ची दिली होती. ते कोणाचे कोण, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"प्रशासनाने इशारा दिला होता." मंत्र्यांनी आवाज खाली आणला, डोळे मिटले. "ज्यांनी तो ऐकला, ते वाचले. ज्यांनी ऐकला नाही, त्यांच्यासाठी आज माझं हृदय रडत आहे."

तिचे हात हवेतच थांबले. अधिकाऱ्याने बाजूने तिला डोळ्यांनीच दटावलं. मग तिने ते वाक्य सांगितलं. गोल केलं नाही, गिळलं नाही. जसं होतं तसं, बाबांच्या डोळ्यांत बघत सांगितलं: इशारा दिला. ज्यांनी ऐकला, ते वाचले. ज्यांनी ऐकला नाही, ते मेले.

बाबा उभे राहिले. त्यांचे हात भराभरा चालू लागले, तळवा तळव्यावर आपटू लागला. सगळे कॅमेरे तिकडे वळले. मंत्र्यांचा चेहरा खुलला. त्यांनी बाबांकडे बघून हात जोडले.

"बघा," ते गहिवरून म्हणाले, "या बांधवांना शब्दांची गरज नाही. यांचं मौनच केवढं बोलतं आहे! या आशीर्वादाने मला लढण्याचं बळ..."

"ते आशीर्वाद देत नाहीयेत," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकलेलाच नव्हता. तिने चौकोनातून पाय बाहेर टाकला आणि माईक स्वतःकडे वळवला.

"ते म्हणतायत, भोंगा कोणासाठी वाजवलात? ते म्हणतायत, भोंग्यासोबत एक दिवा लावा, उघडझाप करणारा, एवढंच आम्ही मागत होतो. वर्षानुवर्षं मागत होतो. ते म्हणतायत, तुमच्या गाड्या त्या दुपारी आमच्या कारखान्यासमोरून गेल्या, तुमच्या बंगल्यातलं सामान हलवायला. एकाने दारात येऊन नुसता हात हलवला असता, तरी सगळ्या बायका उठून पळाल्या असत्या."

"अहो, जरा सौम्य करून सांगा!" अधिकारी दातओठ खात पुटपुटला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती फक्त बाबांच्या हातांकडे बघत होती.

"ते म्हणतायत, आमची माणसं हुतात्मे नाहीत. आमच्या बायका मरायला गेल्या नव्हत्या, काजं करत होत्या. ते म्हणतायत, पाणी आपोआप आलं नाही. सोडलं. कोणी सोडलं? हुकूम कोणाचा? नाव सांगा."

बाबांचे हात खाली आले. ते घामाने निथळत होते. पत्रकारांत कुजबुज सुरू झाली. मंत्र्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि चेहऱ्यावर पुन्हा ते दुःखी हसू आणलं.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण दुभाष्याने आपली मतं मध्ये घुसडायची नसतात."

"घुसडली नाहीत, साहेब," ती म्हणाली. "हे सगळं माझ्या बाबांचं होतं. त्यांची बहीण गेलीय. माझी आत्या गेलीय, आणि मी तर अजून बोलायला सुरुवातही केलेली नाही."