लोटूच्या नावेचं इंजिन

कानस हातात घेऊन मधुकर थांबला.

इंजिन समोर बाकावर उघडं पडलं होतं. धूर बाहेर जाण्याचं भोक कानशीने रुंद करायचं, सिलिंडरवरचं झाकण थोडं घासून आतला दाब वाढवायचा, अशी आखणी त्याने महिनाभर कागदावर केली होती. पण रुंद करायला भोकच दिसत नव्हतं. तिथे काजळी होती. काळी, दगडासारखी टणक. मधोमध पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती.

दोन-स्ट्रोकचं छोटं इंजिन होतं ते. एक लहान संस्थान विलीन झालं, तेव्हा तिथल्या राजेसाहेबांच्या सहलीच्या होडीवरून उतरून लिलावात निघालं. बऱ्हाणपुरात कापसाच्या जिनिंगमधली इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मधुकरने ते आणलं आणि लोटू नावाड्याच्या नावेला मागून बसवलं. सुरुवातीला शहराच्या राजघाटावर माणसं बघायला जमायची. वल्ही नाहीत, आणि नाव तापीच्या धारेविरुद्ध चाललेली.

मग गेल्या भादव्यात उषा गेली. सात वर्षांची, त्याची आणि सुलभाची एकुलती. नदीच्या खालच्या वळणावर मावशीच्या गावी गेली होती. तिथे घटसर्पाने घसा धरला. निरोप आला तसे दोघं लोटूची नाव घेऊन निघाले. येताना प्रवाह समोरून होता, नदी भरलेली. इंजिन नुसतं धापा टाकत होतं. काठावरचं एक बाभळीचं झाड कितीतरी वेळ शेजारीच उभं होतं. उषा सुलभाच्या मांडीवर होती. राजघाटाच्या पायऱ्या दिसू लागल्या आणि तिचा श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, श्वास चालू असता तर गळ्याला छेद देऊन वाट करता आली असती.

त्या दिवसापासून इंजिन गोणपाटात बांधून पडलं होतं. लोटू पुन्हा वल्ही मारू लागला. सुलभा मुलींच्या शाळेत शिकवायला जाई, परत येई, आणि घरात कामापुरतं बोले. वर्ष सरत आलं, तेव्हा एका सकाळी तिनेच विषय काढला.

"अहो, ते इंजिन एका माणसाच्या होडीसाठी बनवलेलं. एवढ्या मोठ्या नावेला कमीच पडणार. त्याचा जोर वाढवता येतो का बघा. त्या गावातून उद्या आणखी कुणाला आणायची वेळ आली तर..."

ती शाळेची पिशवी उचलून बाहेर पडली.

म्हणून त्याने ते उघडलं होतं.

तो काजळीकडे बघत बसला. हे इंजिन पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच चालायचं. त्या तेलाची काजळी साचते, दोन-तीन महिन्यांनी ती खरवडावी लागते, हे त्याला माहीत होतं. जोर काही एका दिवसात गेला नव्हता. रोज थोडा थोडा गेला होता. लोटूने दोनदा सांगितलंही होतं, "भाऊ, इंजिन दमून ऱ्हायलं." पण तेव्हा हंगामाआधी जिनिंगची इंजिनं खोलायची घाई होती. मधुकर म्हणाला होता, "पाणी उतरू दे, मग बघतो."

त्याने कानस ठेवून दिली. जुन्या सुरीने काजळी खरवडली, रॉकेलने सगळं धुतलं आणि होतं तसं परत बसवलं. धातूचा एक कणही घासला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादं इंजिन बसवताना मनातून म्हणत होता, नुसत्या खरवडण्याने काही फरक न पडो.

रविवारी तो नावेकडे निघाला तर सुलभा चपला घालून दारात उभी. "मी येते," ती म्हणाली. वर्षभर तिने नदीचं तोंड पाहिलं नव्हतं.

ते खालच्या वळणापर्यंत गेले. पाणी गेल्या वर्षीइतकंच होतं. परत फिरताना सुलभाने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मधुकरने हात पुढे करून इंजिनाचा वेग वाढवला. नाव उसळली. दोन्ही बाजूंनी पाणी फाटत गेलं, काठावरच्या केळीच्या बागा भराभर मागे पडल्या. मधुकर मान खाली घालून बसला होता.

नाव राजघाटाला लागली.

"नाव तं उडतच आली, भाऊ," लोटू म्हणाला. "काय काय बदललं तुमी?"

मधुकरने इंजिन बंद केलं. लोटू दोर बांधायला पायऱ्यांवर उतरला.

सुलभा जागची हलली नाही. "एकवीस मिनिटं," ती म्हणाली. "त्या दिवशी तासाच्या वर लागला होता." मग वर्षात पहिल्यांदा तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "मी मनातल्या मनात तुम्हालाच दोष देत होते. तुम्ही तरी काय करणार होता? इंजिनच अपुरं होतं."

त्याला हो म्हणता आलं असतं. ती त्यासाठीच थांबली होती.

"सुलभा, मी काही वाढवलं नाही त्यात," तो म्हणाला. "काजळी साचली होती. ती काढली, बस. गेल्या वर्षीच काढायला हवी होती."

तिचा हात तिथेच राहिला, पण त्यात वजन उरलं नाही. तिने पाण्याकडे पाहिलं.

"किती वेळ लागला काढायला?" तिने विचारलं.

"अर्धा तास."