एकगठ्ठा शुभेच्छुक

फ्लेक्सच्या दुकानात संपत खुर्चीतून ताडकन उठला. साहेब जेवून निघाले होते. ते चौकात यायच्या आत त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला नाही, तर युवा शाखेचं अध्यक्षपद बंड्या पळवणार हे नक्की होतं. आणि पडद्यावर अजून साहेबांचं नुसतं कपाळच उमटलं होतं.

“ताई, हा कम्प्युटर आहे का रेशनची रांग?”

“फोटोचं सॉफ्टवेअर आतल्या आत सगळ्या फोटोंची यादी करतंय, भाऊ. चेहरे ओळखून माणसागणिक गठ्ठे लावतंय. त्यात मशीन दमलंय. थांबा, बंदच करते.” फ्लेक्स बनवणाऱ्या रेश्माने यादी उघडली.

संपतने डोकावून पाहिलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गॉगल, दाढी, पांढरा शर्ट, जोडलेले हात! फ्लेक्सवरचे यच्चयावत शुभेच्छुक सॉफ्टवेअरने एकाच गठ्ठ्यात कोंबले होते. खाली लिहिलं होतं, ‘एकच व्यक्ती’.

“एकच? बंड्या अन् मी एकच? अहो, त्या माणसाच्या लग्नात मी जेवलोसुद्धा नाही! बंद करा हे आधी!”

“करते ना. पण गठ्ठ्यावर फोटो तुमचाच लावलाय त्याने.”

संपतने पडद्याला नाक लावलं. खरंच, सगळ्यांच्या वर तोच होता. बंड्या त्याच्या खाली, तोही अर्धा झाकलेला.

बाहेर फटाक्यांची माळ तडतडली. “भाऊ, साहेब आले वाटतं. करू ना बंद?”

“आले तर आले,” संपत खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “अजून कोण कोण माझ्या खाली लागतंय, ते बघू द्या.”