यादीतून वगळलेली

बायकोचा आजार बरा होणारा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी आमचे शेअर असलेली कागद कंपनी हरित निर्देशांकातून बाहेर पडली. पर्यावरण जपणाऱ्या कंपन्यांची ती शेअर बाजारातली यादी. ती बघूनच बायको शेअर घ्यायची.

"नदीत घाण पाणी सोडलं म्हणे," मी म्हणालो. "उद्या विकून टाकू."

"बिघडली की लगेच काढून टाकायची?" तिने विचारलं. "मग माझं काय करणार आहात?"

मी पेपरची घडी घातली. तीच हसली. "सुधारेल हो. घेतील परत."

ती चैत्रात गेली. कंपनीने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवल्याचं मागाहून वाचलं. नवी यादी आली की मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघतो. नाव अजून आलेलं नाही. शेअर विकायचे राहिले आहेत.